डिक्कीत एवढा मोठा वूफर, तरी बेस का नाही?

प्रश्न : सेडानच्या डिक्कीत १२ इंची वूफर आणि मोनो अँप (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर) बसवलाय. डिक्कीजवळ उभं राहिलं की दणका, पुढच्या सीटवर काहीच नाही. मोठा अँप घेऊ का? – नाशिक

उत्तर : आत्ताच नका घेऊ. आधी एक बिनखर्चाची चाचणी करा. अँप बंद करून वूफरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडा, मग तेच गाणं तेवढ्याच आवाजात पुढच्या सीटवर बसून ऐका. बेस जिकडे भरीव लागेल ती जोडणी ठेवा. पुढचे स्पीकर आणि वूफर यांची फेज जुळत नसेल, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि ८० हर्ट्झच्या आसपासचा बेस आपसातच विरतो. डिक्कीपाशी कानावर एकटा वूफरच येतो, म्हणून तिथे दणका जाणवतो.

तरीही फरक पडला नाही तर मागच्या सीटचा आर्मरेस्ट खाली करून ऐका. बेस एकदम वाढला, तर सीटची पाठ वाट अडवते आहे. पेटी मागे सरकवून वूफरचं तोंड डिक्कीच्या झाकणाकडे करून पाहा. अँपचा लो-पास (फक्त खालचे, जाड सूर वूफरकडे सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवा. स्टीरिओच्या मेनूत सबवूफरची पातळी वेगळी असते, तीही पाहा. ती शून्यावर राहिलेली मी कितीदा पाहिली आहे.

प्रश्न : ४+४ ओहमचा वूफर आहे. अँपवर ५०० वॅट लिहिलंय, पण तेवढा जोर वाटत नाही. – सोलापूर

उत्तर : तो आकडा किती ओहमवरचा आहे ते पुस्तिकेत बघा. २ ओहमवरचा असेल आणि तुमच्या दोन्ही कॉइल (पडदा हलवणाऱ्या, प्रत्येकी ४ ओहमच्या तारेच्या गुंडाळ्या) सीरिजमध्ये, एकामागे एक जोडून, म्हणजे ८ ओहमवर असतील, तर ताकद साधारण पाव हिश्श्यावर येते. वायरी अँपमधून काढून मल्टिमीटर लावा. पॅरलल, म्हणजे दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र अशा जोडणीत २ च्या थोडं खाली, सीरिजमध्ये ७ च्या आसपास दिसेल. साडेतीन दिसलं तर एकच कॉइल जोडलेली आहे. एक कॉइल उलटी जोडली असेल तर मात्र मीटर ते सांगत नाही. पडदा जेमतेम हलतो, त्यावरून ओळखायचं. अँप २ ओहम झेलणारा नसेल तर पॅरलल जोडू नका.

प्रश्न : ठोका पडला की हेडलाइट मंदावतात, कधी अँपच बंद होतो. दुकानदार कपॅसिटर लावा म्हणतो. – कोल्हापूर

उत्तर : कपॅसिटरवर पैसे घालण्याआधी अर्थची, म्हणजे अँपपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर उघडा. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. बोल्ट काढून रिंग उचलली, तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा चकचकीत आणि कडेला जळकट काळी रेघ. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, रिंग घट्ट आवळली, आणि त्याच अँपने आरसा थरथरवला. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थसाठी कधीच वापरू नका, जीव त्यावर असतो.

मग इंजिन चालू ठेवून अँपच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बेस नसताना १४ च्या आसपास आणि ठोक्याला १२ च्या खाली जात असेल, तर बॅटरीवरही तसंच मोजा. बॅटरीवर टिकतंय आणि अँपवर पडतंय म्हणजे दोष वायरीत. वायरीची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याच मापाच्या तांब्यापेक्षा कमी करंट नेणारं. बॅटरीवरच पडत असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासा. आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवाच. तो नसेल तर आजच बसवा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली की गाडी पेटते.

प्रश्न : गेन पूर्ण फिरवला तरी बेस वाढत नाही, उलट जळका वास येतो. – पणजी

उत्तर : ताबडतोब बंद करा, कॉइल तापते आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो स्टीरिओच्या सिग्नलशी अँप जुळवण्यासाठी असतो. वूफर थंड झाला की बेस बूस्ट शून्य, गेन तळाला, स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवा आणि गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. पडदा हाताने हलका दाबल्यावर आत खरखर लागली, तर कॉइल गेलेली आहे आणि वूफर रीकोन करावा लागेल, म्हणजे पडदा आणि कॉइल नवी बसवावी लागेल.