फोटोमागची द्वारका

प्रिय ईरा,

परवा आजीनं माईचा, म्हणजे तुझ्या पणजीचा, फोटो फ्रेममधून काढून कॉलवर दाखवला. मागे शाईनं लिहिलेलं 'द्वारका' तू अक्षर लावून वाचलंस. माई तर लक्ष्मी ना, मग ही कोण? लग्नात नाव बदललं, असं आजी म्हणाली, तर तू विचारलंस, "म्हणजे तिचं नाव डिलीट केलं?" मला काही बोलता आलं नाही. तो शब्द अजून मनातून जात नाही.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पुण्यात १९०९ साली सेवासदन ही बायकांना शिकवणारी संस्था काढणाऱ्या रमाबाई रानडे, त्याही यमुनाच. त्याच सेवासदनात माई शिवण शिकली. माझी परकर-पोलकी तिच्याच हातची.

फोटो लग्नानंतर लगेचचा. नऊवारी, नथ, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. दोन प्रती काढल्या होत्या. एक पुण्यात शनिवार पेठेतल्या घरी, एक वाईला तिच्या माहेरी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, घरात पाणी शिरलं आणि आपली प्रत चिखलात गेली. मग वाईच्या मामांनी त्यांची आणून दिली. म्हणून मागे द्वारका. पुण्यात ते नाव कुणी लिहिलंच नसतं.

हे मामा भाऊबीजेला एसटीनं स्वारगेटला उतरून यायचे, सत्तरी उलटली तरी. दारातूनच हाक, "द्वारके!" एरवी हातातलं काम संपल्याशिवाय न उठणारी माई तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावायची. मी सहा-सात वर्षांची असेन. मला त्या द्वारकेचा राग यायचा. माझ्या माईला कुणीतरी घेऊन चाललंय असं वाटायचं.

आजीला विचार, तिला तिचं सासरचं नाव मनापासून आवडतं. माहेरचं तिला शाळेपासूनच नको होतं. माझ्या वेळी तुझ्या बाबानं तांदळात माझंच नाव लिहिलं, आणि मला फार बरं वाटलं. तरी ते ताट मला हवं होतं, ईरा. तुला ते पटायलाच हवं असं नाही, आणि तू तसं करावंस असंही मी सुचवत नाहीये.

मला लागलं ते वेगळंच. इतकी वर्षं माईच्या कुशीत झोपले, पण तुला कुठली हाक आवडते, असं तिला एकदाही विचारलं नाही. तू तिला पाहिलंही नाहीस, आणि तुला ते सुचलं.

काल आजीला सांगितलं, फ्रेमवाल्याकडे गेलीस की मागे पुठ्ठा नको, दोन्ही बाजूंनी काच लावून घे.

तुझी,
आई