थायरॉइडची गोळी सुरू झाली, वजन का हलत नाही?

अगं, तीन आठवड्यांत काटा हलला नाही म्हणून घाबरू नकोस. डोस लागू पडतोय का, हे टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) तपासूनच कळतं आणि ती तपासणी साधारण 6 ते 8 आठवड्यांनी करतात. तोवर रोज वजनकाट्यावर चढणं म्हणजे डोक्याला ताप.

आधी गोळी घेण्याची पद्धत बघ. मी वर्षभर गोळी तोंडात टाकून लगेच चहा प्यायचे, वर कॅल्शियमची गोळीही. मग टीएसएच खाली येणार कसा? आता उशाशी पाण्याचा पेला ठेवते. उठल्याउठल्या गोळी, मग अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम, लोह चार तासांनी.

आणि खरं सांगू? थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा दोन ते पाच किलोच असतं, त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा. बाकीचं माझं माझ्या खाण्याचं होतं. हे पचायला मला वेळ लागला! उपाशी राहू नकोस. प्रथिनं वाढव, चाल, जमेल तसे स्नायूंचे व्यायाम कर.

वजन उतरावं म्हणून डोस मात्र मनाने वाढवू नकोस. छातीत धडधड होते, हाडंही ठिसूळ होतात. पुढचा रिपोर्ट आला की आकडा कळव.