‘आमचं ऐकत नाही, तुम्ही तरी समजावा’

हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय की, आता ते आत येऊन बसले की चेहऱ्यावरूनच कळतं. मूल जेवत नाही, किंवा मोजून जेवतं, किंवा जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाऊन कडी लावतं. घरच्यांना वाटत असतं की काहीतरी नेमकं बोलायचं राहून गेलंय, आणि ते या बाईंना ठाऊक असणार. मला ते ठाऊक नाही. ते तसं नसतंच, हे मला अनयानं शिकवलं. (नाव अर्थातच बदललंय, आणि घरातले काही तपशीलही.)

अनया पंधरा वर्षांची. अभ्यासात पुढे, स्वभावानं शहाणी, कुणाला त्रास न देणारी. आठ महिन्यांपूर्वी तिनं ‘हेल्दी’ खायचं ठरवलं. आधी गोड गेलं, मग तळलेलं, मग रात्रीचं जेवण, मग दुपारचं अर्धं. ती मुळात अंगानं भरलेली होती, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. वजन खूप उतरल्यावरही ती चारचौघींसारखीच दिसत होती, म्हणून कुणाला काही खटकलंही नाही. पण चार महिने पाळी नव्हती, केस मूठमूठ गळत होते आणि ऐन उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. झपाट्यानं वजन उतरलेलं मूल दिसायला बारीक नसलं तरी त्याचं शरीर उपासमारीतच असू शकतं. ही गोष्ट मी ओरडून सांगते, तरी लोक वजनाच्या काट्यावर विसंबतात.

आईला मी विचारलं, “तुम्ही काय करून पाहिलंत?”

“सगळं समजावून सांगितलं. रागावलो, रडलो. ती ऐकून घेते, ‘हो’ म्हणते आणि ताट सरकवते.”

“आणि मग?”

“मग काय, सोडून देतो. जबरदस्ती करायची नाही ना. तुम्हीच सांगितलं होतंत, ताई. व्याख्यानात.”

मला चटका बसला. सांगितलं होतं खरं. छोट्या मुलांच्या पालकांसमोर मी नेहमी एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी सांगते: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. दोन-तीन वर्षांचं धडधाकट मूल भाजी नको म्हणतं तेव्हा हा सल्ला अगदी बरोबर आहे. घास कोंबला की मूल त्या पदार्थाचा आणखीच तिटकारा करतं. तोच पदार्थ गाजावाजा न करता आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर येत राहिला की बहुतेक मुलं कधीतरी हात लावतात. पण या वाटणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मुलाला स्वतःची भूक कळते. अनयाची भूक महिनोन्‌महिने दाबून टाकलेली होती. तिच्या हाती ‘किती’ हा निर्णय ठेवणं म्हणजे ताप चढलेल्या माणसालाच थर्मामीटर वाचायला देणं. माझं व्याख्यान चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि ते एका घरात आठ महिने पाळलं गेलं होतं.

पहिलं काम डॉक्टरांचं होतं. नाडी बरीच मंद निघाली, उठून उभं राहिल्यावर रक्तदाब घसरत होता. रक्ताचे बहुतेक रिपोर्ट मात्र चांगले आले आणि वडिलांना हायसं वाटलं. अशा वेळी रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त होऊ नये. शरीर बराच काळ आकडे सांभाळून धरतं. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातलं फॉस्फेट अचानक घसरून हृदयावर बेतू शकतं. किती वाढवायचं आणि कसं, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील.

माझ्यासमोर अनया दोन भेटी जवळजवळ गप्प बसली. “मी ठीक आहे” एवढंच. तिसऱ्या वेळी आई जाता जाता सहज म्हणाली, “घरात सगळ्यांना करून घालते हो. धाकट्यासाठी केक करते, तो खाताना समोर बसून बघत राहते. स्वतः चाखत नाही.”

अनयाची मान खाली गेली. आई बाहेर गेल्यावर मी केकबद्दल काही विचारलं नाही. एक गोष्ट सांगितली. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली ही मुलं. शरीरानं आणि मनानं निरोगी, पारखून घेतलेली. 24 आठवडे त्यांना जवळपास निम्मंच अन्न दिलं आणि त्यांचं वजन सुमारे पाव भागानं उतरलं. पण मला तिला वजन सांगायचं नव्हतं. म्हटलं, “ती मुलं चिडचिडी झाली. मित्र नकोसे झाले. सारखी थंडी वाजायची. थोडंसं जेवणही तास-तासभर पुरवून खात बसायची. आणि ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता, ती पाककृतींची पुस्तकं जमवून वाचायला लागली.”

बराच वेळ ती काही बोलली नाही.

“त्यांना बारीक व्हायचं होतं?”

“नाही. त्यांना फक्त जेवायला कमी मिळत होतं.”

“मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी आतून फार हावरट आहे. थोडं जरी सोडलं ना, तर मी थांबणारच नाही.”

“तू हावरट नाहीस. तू उपाशी आहेस.”

मग ती रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं आई नंतर म्हणाली.

या क्षणाचा मला थोडा अभिमान आहे, लपवत नाही. पण त्याहून जास्त मोलाचं मला नंतर उमगलं ते वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी मुळाशी जायच्या मागे असे: आईशी नातं कसं, मैत्रिणी काय बोलल्या, कुणाशी तुलना झाली. मुलं छान बोलायची आणि वजन उतरत राहायचं. मनातल्या विचारांमुळे मूल उपाशी राहतं, हे अर्धंच खरं. उपासमारही ते विचार पोसते. उपाशी मेंदू हट्टी होतो, तेच तेच घोळवत बसतो, आणि त्याच्याशी युक्तिवाद केला तर हरतो आपणच. म्हणून आधी जेवण, मग समुपदेशन. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे उलटं वाटतं, वाटू दे.

अनया रडली म्हणून जेवायला लागली, असं मात्र झालं नाही. दुसऱ्या दिवशी ताट तसंच. खरं काम आईवडिलांनी केलं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेली एक पद्धत मी मानते: दोष कुणालाच द्यायचा नाही, पण खाण्याचा कारभार काही काळ पालकांनी हाती घ्यायचा. ताट आई वाढणार. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, घड्याळानं. कुणीतरी सोबत बसणार, आणि जेवणानंतर तासभर एकटं सोडणार नाही. वडिलांना हे जड गेलं. त्यांना प्रत्येक घासाला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं समजावायची सवय. मी म्हटलं, “एकच वाक्य बोला: ‘अवघड आहे, कळतंय मला, हा घास घे.’ बाकी हवापाण्याच्या गप्पा मारा.”

तिसऱ्या दिवशी ताट भिरकावलं गेलं. रात्री आईचा फोन आला.

“माझी मुलगी अशी कधी बोलली नव्हती हो.”

“ती नाही बोलत, आजार बोलतोय. तुम्ही काय केलंत?”

“दुसरं ताट वाढलं.”

यापेक्षा चांगलं मीही काही सुचवू शकले नसते.

घरी अजून एक पथ्य पाळायला लावलं: शरीरावर कुणीही काही बोलायचं नाही, चांगलंसुद्धा. “आता कशी छान दिसतेस” हे अशा मुलीला “जाड झालीस” असंच ऐकू येतं. वजनकाटा माळ्यावर गेला. आईनं स्वतःचं डाएटही बंद केलं. ते मी सांगितलं नव्हतं.

मुलग्यांच्या आईवडिलांनी हे फक्त मुलींचं समजू नये. स्नायू कमवायच्या नादात जेवणातली एकेक गोष्ट वगळत जाणारे मुलगे माझ्याकडे उशिरा येतात, कारण त्याला सगळे शिस्त म्हणतात. मूल बेशुद्ध पडलं, छातीत धडधडतंय म्हणालं, वारंवार उलट्या काढतंय किंवा पाणीही नको म्हणतंय, तर माझी वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयात जा. उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि ते हृदयाला झेपत नाही.

अनयाची पाळी सात महिन्यांनी परत आली. मग आम्ही खऱ्या अर्थानं बोललो: परीक्षेची भीती, वर्गातला एक जुना टोमणा, सगळं. आता ती महिन्यातून एकदा येते. मागच्या वेळी आई आत येताच म्हणाली, “काल चांगलीच भांडली माझ्याशी.”

माझ्या पोटात गोळा आला. “जेवणावरून?”

“नाही हो, मोबाइलवरून. जेवण झाल्यावर.”