जाळीआधी स्क्रू बघा

प्रश्न : आमच्या घरच्या स्विमिंग पूलभोवती आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा जाळीदार मांडव आहे. जाळी ठिकठिकाणी फाटली आहे, रंग हाताला पांढरा लागतो आणि स्क्रूंखाली गंजाचे ओघळ आले आहेत. नुसती जाळी बदलली तर चालेल का?

उत्तर : नाही. जाळी डास आणि पालापाचोळा अडवते, पण वाऱ्यात मांडव उभा राहतो तो स्क्रूंच्या जिवावर. पूलजवळच्या ओलाव्यात पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडलेले असले की गंज वेगाने चढतो. त्यात क्लोरीनची भर. त्यामुळे सर्वांत आधी स्क्रू बदला, तेही एकेक करून. एक काढला की तिथे नवा बसवायचा आणि मगच पुढचा. चार-पाच एकदम काढले तर सांधा सरकतो आणि भोकं जुळत नाहीत. नवे स्क्रू गंजरोधक लेपाचे घ्या. भोक सैल झालं असेल तर एक माप जाड स्क्रू वापरा. तळाच्या काँक्रीटमधल्या बोल्टनाही हाच नियम.

मग सफाई. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. शेवाळावर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. बोटाला लागणारी पांढरी भुकटी बहुतेकदा उन्हाने जळलेला रंग असते. ती घासून निघते. खडबडीत फोड मात्र धातूच खराब झाल्याची खूण. तिथे २२० नंबरचा पॉलिशपेपर मारा, उघड्या धातूला अ‍ॅल्युमिनियमचा प्रायमर द्या, वर बाहेरच्या वापराच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. रंग जाळीच्या आधीच द्यायचा आणि सांगाड्याच्या ज्या खाचेत रबरी दोरी दाबून जाळी अडकवतात, त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. खाचेत रंग साचला की रबरी दोरी बसत नाही.

नेहमीची फायबरग्लासची जाळी १८ × १४ची, म्हणजे इंचाला एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १४ धागे. बारीक चिलटांसाठी २० × २० मिळते, पण तिच्यातून वारा कमी जातो आणि सांगाड्यावर ताण वाढतो. जुनी रबरी दोरी पुन्हा वापरू नका, ती कडक होऊन आखडलेली असते. तिचा तुकडा दाखवून त्याच जाडीची नवी घ्या. बारीक दोरी वाऱ्याने निसटते, जाड दोरी जाळी कापते.

जाळी चारही बाजूंनी ५ सेंमी जास्त कापा. आधी वरची कड बसवा, मग बाजू, शेवटी खालची. इथेच बहुतेकांचं चुकतं : जाळी हाताने ताणतात आणि सांगाड्याच्या बारीक पट्ट्या आत वाकतात. ताणू नका, फक्त सुरकुती काढा. रोलरने, म्हणजे दोरी दाबायच्या छोट्या चाकाने, दोरी खाचेत जाताना जाळी आपोआप ताठ होते. जादा भाग कापताना ब्लेडचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा; हात निसटला तरी नवी जाळी वाचते.

प्रश्न : छताची जाळी घरी बदलता येईल का?

उत्तर : शिडीवरून हात पोचत असेल तेवढीच. जाळी माणसाचं वजन पेलत नाही आणि आडव्या पट्ट्याही चालण्यासाठी नसतात. बाकीचं काम परांची बांधणाऱ्या कारागिरावर सोपवा.

प्रश्न : मांडवाचं दार आपोआप बंद होत नाही.

उत्तर : आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, दार खाली बसलं असेल तर उचलून घ्या. तरीही बंद होत नसेल तर स्प्रिंगची बिजागरी बदला. घरात लहान मूल असेल तर हे काम आजच करा, जाळी थांबेल. दार पूलपासून बाहेरच्या दिशेने उघडणारं हवं आणि कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर.