ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवायला अवघड जाणं, अतिचंचलता) यांची तपासणी करताना त्या व्यक्तीला त्रास होऊ नये म्हणून काय करता येईल?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो आधी पाठवलेल्या माहितीने. कोण भेटणार, किती वेळ लागणार, साधारण काय विचारणार, मध्ये थांबता येईल का, हे लेखी कळलं आणि खोलीचा एखादा फोटो मिळाला की धास्ती बरीच कमी होते. अपॉइंटमेंट फक्त फोनवरच, ही अट तर काढूनच टाकावी. कितीतरी जण तिथेच अडकतात.

एडीओएस-२ ही ऑटिझमसाठीची चाचणी साधारण ४० ते ६० मिनिटं चालते. मोठ्या माणसांनाही त्यात चित्रांच्या पुस्तकावरून गोष्ट सांगायला लावतात. चाचणीत हे असं का असतं, ते थोडक्यात आधी सांगा, नाहीतर आपल्याला लहान मूल समजताहेत असं वाटतं.

प्रश्न नेमके हवेत. ‘मित्र आहेत का?’ याला ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो. त्याऐवजी ‘शेवटचं कोणाला भेटलात, आणि नंतर किती थकवा आला?’ असं विचारलं तर खरी माहिती मिळते. उत्तराला वेळ द्या, लिहून दिलेलं चालवून घ्या. हात हलवणं, येरझाऱ्या घालणं, नजर न देणं याला अजिबात टोकू नका. वर्षानुवर्षं हे सगळं लपवत आलेल्यांना तिथेही लपवायला लावलं, तर निदानच चुकू शकतं.

गुणगुणणारी ट्यूबलाइट, अत्तराचा वास, गजबजलेली वेटिंग रूम टाळा. जमत असेल तर तपासणी दोन बैठकांत विभागा, आणि निकाल सांगाल त्याच दिवशी साध्या भाषेत लेखीही द्या.