कार्डाचं बिल कार्डानेच भरतोय, काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही देवगडचे. दोन वर्षं आंब्याचा मोहर करपला, त्यात घरावर पत्रे टाकले ते कार्डावर, मग त्याचं बिल भरायला दुसरं कार्ड, वर पर्सनल लोन. सगळं मिळून २ लाख ८० हजार. वसुलीवाले रात्री साडेनऊला फोन करतात, परवा सासूबाईंनी उचलला तर त्यांनाही नको ते बोलले. हे म्हणतात मिनिमम, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम तेवढी, भरत राहू.

उत्तर: अगं, मिनिमम हेच तर दुखणं! कार्डावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, मिनिमम भरून मुद्दल जागचं हलत नाही आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. पाटल्या असतील तर गोल्ड लोन बघ, जीव तुटतो माहितीये, पण ते व्याज बरंच कमी, त्यातून कार्डं फेडून बंदच कर. नाहीतर बँकेकडे थकबाकीचा ईएमआय करून माग, लेखी. सेटलमेंटला, म्हणजे थोडी रक्कम भरून खातं मिटवायला, लगेच हो म्हणू नको, सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' शेरा राहतो आणि उद्या पीककर्जाला तोच आडवा येतो.

फोनचं म्हणशील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करताच येत नाही, घरच्यांना धमकावणं तर नाहीच. तारीख-वेळ लिहून ठेव, बँकेला लेखी तक्रार दे, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट असतं.

आणि हो, पेट्यांवर दलालाकडून उचल घेतलीय का? ते लिहिलं नाहीस, तोही आकडा वहीत धर.