सोसायटीत आलेल्या गोट्यांमधला अकीक कसा ओळखायचा आणि नदीवर कुठे शोधायचा

ताई, तुम्ही लिहिलंत की मांजलपूरच्या तुमच्या सोसायटीत बागेच्या कडेला पसरायला ट्रॅक्टरभर गोटे आलेत, त्यातला एक मुलाने नळाखाली धुतला तर लालसर आणि उजेड आरपार जाणारा निघाला, तर तो अकीक (इंग्रजीत अगेट) असेल का, फोडून बघावा का, असे दगड बडोद्याच्या आसपास कुठल्या नदीत मिळतील, आणि घरी पॉलिश करता येतील का. तुमच्या वर्णनावरून तो अकीकच असावा, किंवा अगदी जवळचा कार्नेलियन, म्हणजे लाल अकीक. फोडू मात्र नका. अकीक फोडला की त्याची जन्माची कातडी जाते, आत तडे पडतात, आणि न फोडता सगळं कळतं. मी पंधरा-सोळा वर्षं हे गोटे वेचतोय, जे कळलं ते लिहितो, थोडं लांबेल.

मला पहिला धडा आजीच्या देवघरात मिळाला. बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी देवघरात नर्मदेतला एक बाण, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजतात तो लांबट गोटा होता, अंगठ्याएवढा, एरवी बघितलं तर राखाडी, काहीच नाही. सोमवारी आजी त्याच्यावर पाणी घालायची तेव्हा त्याच्या पोटावर मधाच्या रंगाचे बारीक पट्टे उमटायचे, एकामागे एक, कांद्याच्या कापासारखे, आणि फडक्याने पुसून पाच मिनिटं झाली की पुन्हा राखाडी. मला लहानपणी वाटायचं देव पाणी प्यायला की जागा होतो. पुढे कळलं की नदीत घासून दगडाच्या अंगावर लाखो बारीक ओरखडे पडतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो म्हणून कोरडा दगड पांढुरका दिसतो, पाण्याने ते ओरखडे भरले की नजर आतपर्यंत जाते. म्हणून पहिलं काम हे की ढिगारा कोरडा बघायचा नाही. बादलीभर पाणी आणि झाडांना मारायचा स्प्रे घ्या, थोडे थोडे गोटे पसरून भिजवा, मग बघा. मी अजून कुठेही गेलो तर स्प्रेची बाटली बरोबर असतेच.

दुसरं काम उजेडाचं. नवीन माणूस रंग शोधतो, लाल दिसला की उचलतो, आणि पिशवीभर विटांचे तुकडे घेऊन घरी येतो. रंग सोडा, उजेड बघा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, सूर्य खाली असताना, तोंड सूर्याकडे करून चालायचं, म्हणजे उजेड दगडाच्या मागून येतो. बाकी गोटे काळे ढब्ब दिसतात आणि मधेच एखादा आतून पेटल्यासारखा दिसतो, दिव्याच्या काचेसारखा, तो अकीक. सूर्य पाठीशी घेऊन तेवढ्याच पट्ट्यावरून परत या, तोच दगड सापडणार नाही. सोसायटीत रात्री मोबाइलचा टॉर्च दगडाच्या मागे लावला तरी काम होतं, कडेने केशरी किंवा दुधाळ उजेड फुटतो.

आता कातडी, जी मला सगळ्यात आवडते. अकीक हा बसाल्टमधल्या पोकळीत, म्हणजे लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी, सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची असते तोच पदार्थ, थर थर साचून तयार होतो. त्या पोकळीची भिंत त्याच्या अंगावर छापलेली असते, म्हणून जो अकीक नदीत फार घासला गेला नाही त्याचं अंग संत्र्याच्या सालीसारखं, बारीक खड्ड्याखड्ड्यांचं असतं. जो खूप वाहत आलाय त्याच्यावर नखाने दाबल्यासारख्या बारीक चंद्रकोरी असतात, शेकड्याने, दगडावर दगड आपटून पडलेल्या. भिंग धरून बघा, एकदा ती चंद्रकोर ओळखता आली की ढिगाऱ्यातून हात आपोआप तिकडे जातो. आणि गोट्याचा कुठे आधीच टवका उडाला असेल तर तिथे मेणासारखी चमक दिसते, साखरेसारखे दाणे नाहीत. दाणे दिसले तर तो क्वार्टझाइट, साधी गारगोटी असेल तर टवका काचेसारखा चमकतो, अकीकाची चमक मात्र मेणबत्तीची.

जॅस्पर म्हणजे त्याच सिलिकाचा अपारदर्शक भाऊ, त्यात लोहाची संयुगं आणि मातीसारखी भेसळ इतकी असते की उजेड जातच नाही, लाल, पिवळा, हिरवा, कधी तिन्ही एकात. इथे टॉर्च उपयोगाचा नाही, आणि इथेच विटा फसवतात. नदीतली घासून गोल झालेली वीट आणि लाल जॅस्पर ओले असताना शेजारी ठेवा, मला अजूनही क्षणभर कळत नाही. मग मी थांबतो. वीट पाणी पिऊन बघता बघता मंद पडते, जॅस्परवर पाणी थेंब होऊन उभं राहतं आणि सावकाश वाळतं. तरी शंका असेल तर बाथरूमच्या उरलेल्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, वीट लाल रेघ सोडते, जॅस्पर रेघ सोडत नाही, झालंच तर टाइलच खरवडली जाते. हातात घेतल्यावर जॅस्पर गार लागतो, वीट नाही, हे सवयीने कळायला लागतं.

कडकपणाची चाचणी सगळे सांगतात ती खरी आहे. दगडांचा कडकपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोहच्या मापावर अकीक आणि जॅस्पर साडेसहा ते सात, खिडकीची काच आणि साधी सुरी साधारण साडेपाच, म्हणून सुरीने त्यांच्यावर ओरखडा पडत नाही, सुरीचंच पोलाद राखाडी रेघ होऊन उमटतं, ती बोटाने पुसली की जाते. संगमरवर किंवा कॅल्साइट असेल तर सुरी सहज घुसते आणि लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. बागेच्या पांढऱ्या गोट्यांत निम्म्याच्या वर संगमरवर निघतो, तो वाईट नाही, फक्त अकीक नाही.

बागेच्या गोट्यांबद्दल एक गोष्ट मन लावून वाचा. चकचकीत पॉलिश गोटे विकतात त्यांच्यावर बऱ्याचदा मेण किंवा तेल असतं, म्हणून ते कायम ओले दिसतात आणि वरची पाण्याची युक्ती चालत नाही. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून रात्रभर ठेवा, घासा, वाळवा, मग खरा चेहरा दिसतो. आणि गडद निळा, गुलाबी, पोपटी हिरवा अकीक दिसला तर तो रंगवलेला धरून चाला. अकीकाला सूक्ष्म छिद्रं असतात, तो रंग पितो. मी सुरुवातीला इथल्याच एका नर्सरीतून नर्मदेचा नैसर्गिक निळा अकीक म्हणून दोन किलो घेतला होता, घरी येऊन नेलपॉलिश काढायच्या लिक्विडमध्ये कापूस बुडवून फिरवला तर कापूस निळा झाला. पैशाचं वाईट वाटलं त्याहून जास्त याचं वाटलं की मी ते दगड पुतणीला नर्मदेची भेट म्हणून दिले होते. सगळेच रंग असे सुटतात असं नाही, पण कापूस फिरवून बघायला काय जातं.

आता कुठे जायचं. आपण नशीबवान आहोत, जगात अकीकाचं नाव निघालं की जी थोडी ठिकाणं आठवतात त्यातलं एक आपल्या शेजारी आहे. दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, त्यातले अकीक झिजून सुटे झाले, आणि पुढे मायोसीन काळात, म्हणजे त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, वाहून येऊन भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूरजवळ गोट्यांच्या थरात साचले. भूशास्त्रात त्या थराला बाबागुरू फॉर्मेशन म्हणतात, तिथल्या बावा गोरच्या टेकडीवरून. टेकडीवर सिद्दी लोकांचा दर्गा आहे आणि अकीकाच्या धंद्याची परंपराच त्या बाबांशी जोडलेली आहे. तिथला माल पिढ्यानपिढ्या खंभातला जातो, तिथे कारागीर तो घासून मणी करतात. लोथलला 1955 ते 1960 च्या उत्खननात मण्यांचा कारखाना सापडला तो याच उद्योगाचा हडप्पाकालीन पूर्वज. आणि आपल्या मराठी माणसांना गंमत वाटेल, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून गाड्यांत भरून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यांचा अकीक, भरूचला यायचा आणि तिथून जहाजाने बाहेर जायचा. म्हणजे गोदावरीकाठचे दगड आणि माणसं गुजरातेत यायला आपले गायकवाड पहिले नव्हेत.

पण रतनपूरच्या खाणींवर वेचायला जाऊ नका. जुने विहिरीसारखे खड्डे आहेत, झुडपात झाकलेले, आणि जागा लीजच्या आहेत. 10 फेब्रुवारी 2015 ला केंद्राने जी 31 खनिजं गौण खनिज म्हणून जाहीर केली त्यात अकीक आणि जॅस्पर दोन्ही आहेत, म्हणजे त्यांचा परवाना, रॉयल्टी सगळं राज्याच्या हातात. मी स्वतः काय करतो ते सांगतो, खणत नाही, हत्यार नेत नाही, लीजच्या आणि रेतीच्या ठेक्याच्या जागेत पाय ठेवत नाही, मोकळ्या पात्रात वर पडलेले खिशात मावतील तेवढे उचलतो आणि विकत नाही. शूलपाणेश्वर अभयारण्य आणि पावागड-चांपानेरचा वारसा परिसर इथून एक खडासुद्धा उचलायचा नाही.

नद्यांमध्ये माझी पहिली पसंती करजण, राजपीपळ्याकडची, कारण ती थेट बसाल्टच्या डोंगरातून येते. मग नर्मदेचा दक्षिण काठ. ओरसंगला जवळ म्हणून सगळे आधी जातात, आणि निराश होतात, कारण ती बरीचशी ग्रॅनाइटच्या मुलखातून येते आणि तिची ख्याती रेतीची आहे, बडोद्यातली अर्धी घरं त्याच रेतीची. तरी चांदोदला संगमाजवळ जिथे रेती संपून गोटे लागतात तिथे मला चांगले पिवळे जॅस्पर मिळालेत. मही माळव्यातून येते, तिच्या गोट्यांत छोटे अकीक असतात, बोराएवढे, लहान मुलांना घेऊन जायला बरी. वळणाच्या आतल्या बाजूला जो गोट्यांचा पट्टा साचतो त्याचं वरचं टोक बघा, जिकडून पाणी येतं ते, जड गोटे तिथेच थांबतात. आणि पावसाळा ओसरल्यावर, नवरात्र ते दिवाळीच्या आसपास जा, पुराने गोटे उलटेपालटे केलेले असतात आणि अजून धूळ बसलेली नसते.

जिवाची काळजी मात्र घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. विश्वामित्रीत उतरायचंच नाही, मगरी आहेत, बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, 2024 च्या पुरात त्या रस्त्यावर आल्या होत्या. नर्मदेतही मगरी आहेत, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला वाकून बसायचं नाही, पाण्यापासून चार-पाच मीटर आत कोरड्यात वेचा. आणि सरदार सरोवरातून पाणी सोडलं की खाली पातळी चढते, 2023 च्या सप्टेंबरात चांदोदमध्ये घराघरात पाणी शिरलं होतं. मी पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो आणि दर वीस मिनिटांनी तिच्याकडे बघतो, काठीचं बूड भिजलं की पिशवी उचलायची आणि निघायचं, मग समोर कितीही सुंदर दगड असो. मधल्या बेटावर तर जायचंच नाही.

काठावर एखादा लांबट गुळगुळीत गोटा मिळाला आणि शेजारी परिक्रमावासी किंवा गावातलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यादेखत त्याच्यावर सुरी चालवू नका. नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर, असं मानणाऱ्या लोकांच्या दारात आपण आलोय. मला एकदा चांदोदच्या एका आजोबांनी माझ्या पिशवीतला एक गोटा मागितला, हातात घेऊन पाण्यात धरला, कपाळाला लावला आणि परत दिला. तो मी कधी पॉलिश केला नाही, तसाच देवघरात आजीच्या बाणाशेजारी ठेवलाय.

पॉलिशचं विचारलंत. टंबलर, म्हणजे दगड फिरवत ठेवून घासणारं यंत्र, आत्ताच घेऊ नका, अकीकाला साधारण चार आठवडे लागतात, सिलिकॉन कार्बाइडची भरड पावडर, मग 220 नंबरची, मग 500-600 ची (नंबर मोठा तितकी पावडर बारीक), शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि प्रत्येक वेळी सगळं धुऊन काढायचं, तो गाळ बेसिनमध्ये ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो. आधी एक सपाट जॅस्पर घेऊन गाडी रंगवणारे वापरतात तो काळा वॉटर पेपर आणा, 120 पासून 1200 पर्यंत, आणि परातीत पाणी घेऊन पाण्याखाली घासा. दोन-तीन संध्याकाळी जातील, पण दगड हातात कसा बदलतो ते कळेल. मुलालाही करू द्या, फक्त कोरडं घासू देऊ नका, कधीच नाही. ग्राइंडरवर कोरडा अकीक धरला की उडणारी धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही, त्याने सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार आहे, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांचा अभ्यास केलाय. मी तिथे एका गल्लीत उभा होतो, उंबऱ्यापासून पापण्यांपर्यंत सगळं पांढरं होतं, आणि आतला माणूस दोन वाक्यांमध्ये दम घ्यायला थांबत होता, वयाने माझ्याहून लहान. तेव्हापासून घरी एक खडासुद्धा कोरडा घासला नाही.

खंभातमध्ये पिवळट अकीक लाल करतात तेही तुमच्या मुलाला आवडेल. दगड आधी उन्हात खूप दिवस वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून शेणाच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर रात्रभर ठेवतात, आतल्या लोहातलं पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये करून बघू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो आणि टवके डोळ्याकडे येतात.

तर आता असं करा, तो लालसर गोटा साबणाच्या पाण्यात ठेवा, उद्या तीन फोटो टाका, एक कोरडा, एक ओला, एक मागून टॉर्च लावून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. आणि कुठे टवका उडालेला असेल तर त्याचा जवळून एक. बाकी ढिगारा माळ्याने पसरायच्या आत एकदा चेअरमनला विचारून भिजवून बघा, एका ट्रॅक्टरमध्ये एकच आला असेल असं मला वाटत नाही.